धंद्याचे भांडवल, खोलीचे भाडे आणि स्वतःचे घर: खर्च का वाढतो आणि कोणती योजना कुठे उपयोगी पडते

तुम्ही रस्त्यावर गाडी लावत असाल, टोपलीत भाजी विकत असाल किंवा भाड्याच्या खोलीत राहून छोटा धंदा करत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मेहनत तेवढीच असताना महिन्याच्या शेवटी हातात कमी पैसे का उरतात, हे यात सोप्या हिशेबाने सांगितले आहे. त्यासोबत पीएम स्वनिधी आणि प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० या दोन योजनांची पात्रता, मिळणारी मदत आणि अर्जाआधी घ्यायची काळजी दिली आहे.

थोडक्यात

• धंद्यासाठी विनातारण कर्ज: पीएम स्वनिधी. पहिला टप्पा १५,००० रुपयांपर्यंत, दुसरा २५,००० रुपयांपर्यंत, तिसरा ५०,००० रुपयांपर्यंत.
• शहरात घर बांधणे, विकत घेणे किंवा भाड्याने घेणे: प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.०. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ९ लाख रुपयांपर्यंत असावे.
• लक्षात ठेवा: घरकुलाचा लाभ कुटुंबाला वारंवार मिळत नाही. त्यामुळे घर कुठे आणि किती कर्जावर घ्यायचे, हे आधी ठरवा आणि मग अर्ज करा.

१. एका गाडीचा हिशेब

समजा, तुम्ही खानदेशातून सुरतला आला आहात आणि भजी-वड्याची गाडी लावता. पुढील आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. तुमचे आकडे तुम्ही त्यांच्या जागी घाला.

• रोजची विक्री: २,००० रुपये
• तेल, बेसन, बटाटा, कांदा, गॅस: १,२०० रुपये
• ने-आण आणि किरकोळ खर्च: १०० रुपये
• रोज हाती राहणारी रक्कम: ७०० रुपये

महिन्याला २६ दिवस गाडी लागली तर १८,२०० रुपये उरतात. त्यातून खोलीचे भाडे ५,००० रुपये, किराणा, मुलांची शाळा, दवाखाना आणि गावी पाठवायचे पैसे भागवायचे असतात.

आता दोन गोष्टी बदलून पाहा. पहिली, तेल लिटरमागे ३० रुपयांनी महागले. रोज ३ लिटर तेल लागत असेल तर दिवसाला ९० रुपये आणि महिन्याला २,३४० रुपये जास्त जातात. दुसरी, धंद्यासाठी सावकाराकडून १५,००० रुपये दरमहा शेकडा १० रुपये व्याजाने घेतले. महिन्याला १,५०० रुपये नुसते व्याज झाले. दोन्ही मिळून ३,८४० रुपये होतात. गिऱ्हाईक एकही कमी झालेले नाही, तरी उत्पन्नाचा पाचवा हिस्सा गेला.

तेलाचा भाव तुमच्या हातात नाही. व्याजाचा दर मात्र काही प्रमाणात तुमच्या हातात आहे. कोणता खर्च बदलता येतो आणि कोणता येत नाही, हे ओळखले की योजनेचा खरा उपयोग करता येतो.

२. कच्च्या मालाचा भाव कोण ठरवतो?

आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. पामतेल मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून येते. इंडोनेशियाने २८ एप्रिल २०२२ पासून पामतेलाची निर्यात थांबवली आणि ती २३ मे रोजी पुन्हा सुरू झाली. दूरच्या देशाने घेतलेल्या अशा निर्णयाचा परिणाम आपल्या कढईपर्यंत पोहोचतो.

आयात शुल्काचाही भावावर परिणाम होतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात शुल्क २० टक्के करण्यात आले आणि ३० मे २०२५ रोजी ते १० टक्क्यांवर आणले गेले. शुल्क वाढले की सोयाबीन किंवा भुईमूग पिकवणाऱ्या शेतकऱ्याला आधार मिळतो, पण वडा तळणाऱ्याचा खर्च वाढतो. शुल्क उतरले की याच्या उलट होते.

कांद्याचेही असेच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि मे २०२४ मध्ये ती उठली. त्यानंतर राहिलेले २० टक्के निर्यात शुल्क १ एप्रिल २०२५ पासून काढून टाकण्यात आले. निर्यात थांबली की शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा परवडतो, पण लासलगावच्या बाजारात माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याचा दर पडतो. तुमचे एक भाऊ गावी शेती करत असतील आणि तुम्ही शहरात गाडी लावत असाल, तर एकाच घरात एकाला फायदा आणि दुसऱ्याला तोटा होऊ शकतो.

असे चढ-उतार येतच राहणार. त्यांना तोंड देण्यासाठी हाताशी थोडे खेळते भांडवल लागते. भांडवल असेल तर तेलाचा डबा भाव कमी असताना घेता येतो. नसेल तर रोज सुटे तेल चढ्या भावाने घ्यावे लागते किंवा उधारी करावी लागते.

३. भांडवल स्वस्त करण्यासाठी: पीएम स्वनिधी

ही योजना १ जून २०२० रोजी सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये तिची पुनर्रचना झाली आणि कर्ज देण्याची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवण्यात आली.

मिळणारी मदत

• पहिले कर्ज १५,००० रुपयांपर्यंत. ते वेळेवर फेडल्यावर २५,००० रुपयांपर्यंत आणि त्यानंतर ५०,००० रुपयांपर्यंत.
• तारण किंवा गहाण लागत नाही.
• हप्ते वेळेवर भरल्यास वर्षाला ७ टक्के दराने व्याज अनुदान.
• डिजिटल व्यवहारांवर ठरलेल्या मर्यादेत कॅशबॅक.
• दुसरे कर्ज वेळेवर फेडणाऱ्यांना यूपीआयशी जोडलेले रुपे क्रेडिट कार्ड.

किती फरक पडतो?

१५,००० रुपये १२ महिन्यांसाठी घेतले आणि बँकेचा दर उदाहरणादाखल १२ टक्के धरला, तर महिन्याचा हप्ता सुमारे १,३३३ रुपये येतो. वर्षभराचे एकूण व्याज सुमारे १,००० रुपये होते. हप्ते वेळेवर भरले तर त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम अनुदानातून परत मिळते.

वरच्या उदाहरणातील सावकाराला वर्षभरात १८,००० रुपये व्याज द्यावे लागते आणि वर्षाच्या शेवटी मुद्दल १५,००० रुपये जसेच्या तसे राहते. सावकाराला महिन्याला १,५०० रुपये देऊनही कर्ज फिटत नाही. बँकेला महिन्याला १,३३३ रुपये दिले तर वर्षात कर्ज संपते.

काय लागते?

• आधार क्रमांक आणि त्याला जोडलेला चालू मोबाइल क्रमांक
• बँक खाते
• नगरपालिका किंवा महानगरपालिकेने दिलेले विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र
• तुमचे नाव सर्वेक्षणात आले नसेल तर नागरी स्थानिक संस्थेचे किंवा नगर पथविक्रेता समितीचे शिफारसपत्र

शिफारसपत्राकडे दुर्लक्ष करू नका. बाहेरगावाहून आलेल्या अनेक विक्रेत्यांचे नाव सर्वेक्षणाच्या यादीत नसते आणि ते अर्जच करत नाहीत. शिफारसपत्राची सोय अशांसाठीच आहे.

एक सावधगिरी: हे पैसे धंद्यातच घाला. ते लग्नात, आजारपणात किंवा जुनी उधारी भागवण्यात गेले तर हप्ता भरण्यासाठी नवी कमाई उभी राहत नाही. हप्ता चुकला की अनुदान थांबते आणि पुढचा टप्पाही अडतो.

तुम्ही सुतार, शिंपी, लोहार, चांभार अशा पारंपरिक कामात असाल तर पीएम विश्वकर्मा योजनाही पाहा. स्वनिधीचे कर्ज बाकी असेल तर त्या योजनेचे कर्ज मिळत नाही. ते पूर्ण फेडल्यावर अर्ज करता येतो. म्हणून दोन्हींपैकी कोणते कर्ज आधी घ्यायचे, ते सुरुवातीलाच ठरवा.

४. घर महाग का होते?

घराच्या किमतीत मुख्यतः तीन गोष्टी येतात.

जमीन. जिथे काम मिळते तिथे माणसे येतात, पण तिथली जमीन वाढत नाही. बाजार, स्थानक आणि कारखान्याजवळची जागा म्हणून महाग असते. मोठ्या शहरांत घराच्या किमतीचा मोठा हिस्सा जमिनीचाच असतो. भाडेही याच कारणाने चढते.

बांधकाम. सिमेंट, सळई, विटा, वाळू आणि मजुरी यांचे भाव वाढले की घर महागते. सिमेंटवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याने साहित्याच्या बिलावर हा दर तपासून घ्यावा.

व्याज. घर बहुतेक वेळा कर्जावर घेतले जाते. रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते, त्याला रेपो दर म्हणतात. तो मे २०२० मध्ये ४ टक्के होता आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० टक्क्यांपर्यंत गेला. २०२५ मध्ये तो पुन्हा टप्प्याटप्प्याने कमी झाला. बँकेचे बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज सहसा रेपो दराशी जोडलेले असते, म्हणून तुमचा हप्ता किंवा हप्त्यांची मुदत बदलते.

८ लाख रुपयांचे कर्ज २० वर्षांसाठी घेतले तर ८.५ टक्के दराने हप्ता सुमारे ६,९४३ रुपये आणि ९.५ टक्के दराने सुमारे ७,४५७ रुपये येतो. दर एक टक्का वाढला की महिन्याला सुमारे ५१४ रुपये जास्त लागतात. कर्ज घेताना आजचा हप्ता जेमतेम परवडत असेल तर उद्या तो परवडणार नाही, असे समजून चला.

५. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.०

१ सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या या योजनेत ५ वर्षांत १ कोटी कुटुंबांना मदत देण्याचे उद्दिष्ट आहे. वार्षिक उत्पन्नानुसार तीन गट आहेत:

• आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक: ३ लाख रुपयांपर्यंत
• अल्प उत्पन्न गट: ३ ते ६ लाख रुपये
• मध्यम उत्पन्न गट: ६ ते ९ लाख रुपये

योजनेचे चार घटक आहेत. कुटुंबाला त्यांपैकी एकच निवडता येतो.

स्वतःच्या जागेवर बांधकाम. दुर्बल घटकातील ज्या कुटुंबाकडे शहरात स्वतःची जागा आहे, त्यांच्यासाठी.

भागीदारीत परवडणारी घरे. सरकारी किंवा खासगी संस्थांनी बांधलेल्या प्रकल्पात दुर्बल घटकातील कुटुंबाला घर मिळते.

या दोन घटकांत बहुतेक राज्यांत केंद्राकडून घरामागे १.५० लाख रुपये आणि राज्याकडून किमान १ लाख रुपये मिळतात. ईशान्येकडील आणि डोंगराळ राज्यांत केंद्राचा वाटा जास्त आहे.

परवडणारी भाड्याची घरे. घर विकत घ्यायचे नसेल किंवा एवढ्यात परवडत नसेल अशांसाठी. स्थलांतरित कामगार, नोकरी करणाऱ्या महिला, औद्योगिक कामगार आणि विद्यार्थी यांचा यात विचार केला आहे.

व्याज अनुदान. घराची किंमत ३५ लाख रुपयांपर्यंत आणि कर्ज २५ लाख रुपयांपर्यंत असावे. कर्जाच्या पहिल्या ८ लाख रुपयांवर, १२ वर्षांच्या मुदतीपर्यंत, ४ टक्के अनुदान मिळते. जास्तीत जास्त १.८० लाख रुपये ५ वार्षिक हप्त्यांत दिले जातात. ही रक्कम एकदम हातात येत नाही, म्हणून ती घराच्या सुरुवातीच्या रकमेत धरू नका. कर्ज कमी असेल तर अनुदानही त्या प्रमाणात कमी होते.

पथविक्रेत्यांसाठी महत्त्वाचे: पीएम स्वनिधीत नोंद असलेले पथविक्रेते, सफाई कर्मचारी, विश्वकर्मा कारागीर, अंगणवाडी सेविका, बांधकाम कामगार आणि झोपडपट्टीतील रहिवासी यांच्याकडे या योजनेत विशेष लक्ष दिले आहे. तुमची स्वनिधीतील नोंद घराच्या अर्जातही उपयोगी पडते.

६. स्वस्त पण लांबचे घर: घ्यावे की नाही?

परवडणारी घरे बहुतेक वेळा शहराच्या कडेला असतात, कारण जमीन तिथे स्वस्त असते. धंदा मात्र शहराच्या मध्यात असतो. म्हणून घराची किंमत पाहताना जाण्या-येण्याचा खर्चही धरा.

वरच्याच उदाहरणात नवे घर गाडीच्या जागेपासून लांब आहे आणि नवरा-बायको दोघांच्या प्रवासाला रोज १२० रुपये लागतात. २६ दिवसांचे ३,१२० रुपये झाले.

• ८ लाखांचे कर्ज: हप्ता ६,९४३ + प्रवास ३,१२० = १०,०६३ रुपये
• ४ लाखांचे कर्ज: हप्ता सुमारे ३,४७१ + प्रवास ३,१२० = ६,५९१ रुपये
• सध्याचे भाडे: ५,००० रुपये

महिन्याला १८,२०० रुपये कमावणाऱ्या घराला पहिला पर्याय झेपणार नाही. दुसरा पर्याय भाड्यापेक्षा १,५९१ रुपयांनी जास्त आहे, पण शेवटी घर स्वतःचे होते. तेलाचे २,३४० आणि सावकाराचे १,५०० रुपये आठवा. सावकाराचे व्याज बंद झाले तर हा फरक जवळजवळ तिथूनच भरून निघतो. म्हणून शक्य असेल तर आधी महागडे कर्ज संपवा आणि मग घराच्या कर्जाकडे वळा.

घर ठरवण्यापूर्वी एकदा त्या ठिकाणाहून पहाटे मंडईत जाऊन पाहा आणि रात्री गाडी बंद करून परत या. शेवटची बस किती वाजता सुटते, मुलांची शाळा किती लांब आहे, पाणी रोज येते का, हे विचारा. शेवटच्या बससाठी गाडी तासभर आधी बंद करावी लागली तर संध्याकाळच्या गिऱ्हाइकाचे पैसे बुडतात. तोही घराचाच खर्च आहे.

हिशेब जुळत नसेल तर भाड्याच्या घरांचा घटक निवडण्यात कमीपणा नाही. न झेपणारा हप्ता थकून घर हातचे जाण्यापेक्षा धंद्याजवळ रास्त भाड्यात राहणे चांगले.

७. अर्ज का अडतात?

• देशात कुठेही पक्के घर नावावर असणे. ही अट फक्त तुम्ही राहता त्या शहरापुरती नाही. गावी पक्के घर तुमच्या किंवा पत्नीच्या नावावर असेल तर अर्ज बसत नाही. गावच्या घराची नोंद नेमकी कोणाच्या नावावर आहे, ते आधी पाहून घ्या.
• मागील २० वर्षांत केंद्र, राज्य किंवा स्थानिक संस्थेच्या घरकुल योजनेचा लाभ घेतलेला असणे. गावी मिळालेले घरकुलही यात मोजले जाते.
• आधार, बँक खाते आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर नाव वेगवेगळे असणे. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांच्या बाबतीत हे बरेचदा होते. घर कुटुंबातील महिलेच्या नावावर किंवा संयुक्त नावावर घेणे अपेक्षित असल्याने तिची कागदपत्रे आधी जुळवून घ्या.

८. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दुसऱ्या राज्यातून आलो आहे. मला पीएम स्वनिधी मिळेल का?
तुम्ही ज्या शहरात विक्री करता तिथल्या नागरी संस्थेचे विक्री प्रमाणपत्र, ओळखपत्र किंवा शिफारसपत्र लागते. तुमचे मूळ गाव कोणत्या राज्यात आहे, याने पात्रता ठरत नाही.

शहरात रेशन मिळेल का?
होय. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ या व्यवस्थेमुळे गावच्या शिधापत्रिकेवर देशातील कोणत्याही रास्त भाव दुकानातून आधार पडताळणी करून तुमच्या वाट्याचे धान्य घेता येते. कुटुंबातील काही माणसे गावी असतील तर त्यांना त्यांचा वाटा तिथे घेता येतो.

बिल्डर आगाऊ पैसे मागत आहे. किती द्यावे?
प्रकल्प रेरामध्ये नोंदलेला आहे का, ते आधी तपासा. करारनामा नोंदवण्यापूर्वी घराच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेण्यास कायद्याने मनाई आहे. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या.

‘नाव यादीत टाकून देतो’ असे सांगून कोणी पैसे मागितले तर?
देऊ नका. ओटीपीही कोणाला सांगू नका. ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

पुढे काय करावे?

१. एका कागदावर एका महिन्याचा हिशेब लिहा: विक्री, माल, व्याज, भाडे, प्रवास.
२. सर्वात महाग कर्ज कोणते, त्यावर खूण करा.
३. नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या कार्यालयात जाऊन विक्री प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्राची चौकशी करा आणि पीएम स्वनिधीसाठी अर्ज करा. अर्ज सामान्य सेवा केंद्रातूनही भरता येतो.
४. घरासाठी अर्ज करण्यापूर्वी गावच्या घराची नोंद आणि घरातील सर्वांची आधारवरील नावे तपासा.
५. हप्ता आणि प्रवास मिळून किती झेपेल, तो आकडा आधी ठरवा. घर त्या आकड्यात बसवा.